पत्र खालून वाचणाऱ्या लोंढेताई

लोंढेताईंकडे कागद घेऊन गेलं की त्या आधी हात पुसत, मग टेबल पुसत, मग कागद मागत. चहा विचारत नसत. चहा कागद संपल्यावर. चहाचा डाग पडलेला अर्ज साहेब परत पाठवतो हे त्यांनी परभणीच्या एका कॉलेजच्या कचेरीत पंधरा वर्षं पाहिलं होतं, आणि सिंगापूरला आल्यावर त्यात काही बदल करावा असं त्यांना वाटलं नव्हतं.

हौगांगमध्ये नवव्या मजल्यावर त्यांचा भाड्याचा फ्लॅट होता. जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी प्लास्टिकच्या डबीत एक ओला स्पंज ठेवलेला असे, बँकेत नोटा मोजताना बोट भिजवायला असतो तसा. पान उलटण्याआधी बोट त्याला लावायचं. शेजारी लाकडी फूटपट्टी. पत्र हातात आलं की ताई शेवटच्या पानापासून सुरू करत. पट्टी सगळ्यात खालच्या ओळीखाली धरायची आणि एकेक ओळ वर सरकायचं. समोर बसलेल्याचा जीव टांगणीला लागे. पण मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे.

"अभिनंदन वर असतंय, अट खाली असती," त्या म्हणत. "अभिनंदन तुम्ही वाचलेलंच आहे. त्याशिवाय का एवढ्या लांब आलात."

लांबून माणसं येतच. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाच्या बुकित पंजांगहून बस, मग एमआरटीची मेट्रो असं करत दीड तास घालवून येत. इथल्या सरकारी विद्यापीठांची पत्रं, पॉलिटेक्निकची पत्रं, अमेरिकेतल्या राज्यांच्या विद्यापीठांचे जाडजूड लिफाफे. पुण्या-मुंबईकडचे आयटीवाले असत, आमच्यासारखे विहारात भेटणारे इंजिनियर असत. सगळे इंग्रजी फाडफाड बोलणारे. ताईंना इंग्रजी बोलता येत नसे. वाचता मात्र येई, आणि त्यातही अटींचं इंग्रजी त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं कळे. एमआरटीत चढल्यावर बाकीचे सीट शोधत, ताई दाराजवळची दंडाची पाटी शेवटपर्यंत वाचत.

त्यांना मूल नव्हतं. हे इथेच लिहून टाकतो. लोक त्यावरून त्यांच्या या उद्योगाचा अर्थ लावत, आणि तो मला कधी पटला नाही. मूल असतं तरी त्या हेच करत बसल्या असत्या. दळण निवडावं तशा त्या कागद निवडत. त्यात दया वगैरे काही दिसत नसे. लोंढेसाहेब चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत होते. पाहुणे आले की ते आतल्या खोलीत आवाज बारीक करून क्रिकेट बघत, आणि कुणी फार रडायला लागलं तर बाहेर येऊन पाण्याचा ग्लास ठेवून परत जात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका पेढ्याच्या डब्यामुळे. आमच्या ऑफिसमधल्या एका मॅनेजरच्या मुलाला विद्यापीठाचं पत्र आलं होतं. त्याला ताईंचं घर माहीत नव्हतं, म्हणून मी पत्ता शोधत सोबत गेलो. मॅनेजरने डबा उघडून पुढे केला. ताईंनी पत्र घेतलं, पट्टी लावली, तीन ओळी वर सरकल्या आणि डब्याचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं.

"शेवटचा निकाल लागल्यावर उघडा. ही सीट निकालावर आहे."

"अहो ताई, पत्र आलंय ना. अ‍ॅडमिशन झाली."

"पत्र आलं म्हणजे पत्र आलं," ताई म्हणाल्या. "अ‍ॅडमिशन झाली म्हणजे पोरगं वर्गात बसलं."

मॅनेजरला राग आला. लिफ्टमध्ये तो मला म्हणाला, "कारकून बाई दिसतेय." मी म्हटलं, "होतीच." मुलाचा निकाल चांगला लागला, सीट राहिली. पेढे मात्र तोवर खराब झाले होते.

मुलांशी त्यांचं वेगळं चाले. विद्यापीठाच्या ऑफिसला फोन करायचा तर मुलानेच करायचा, असा नियम होता. बुकित पंजांगच्या एक वहिनी मुलीचा आवाज काढून स्वतःच फोनवर बोलायला लागल्या. ताईंनी हात लांब करून फोन बंद केला.

"कॉलेजात वहिनी बसणार आहेत का?"

मुलगी कसनुसं हसली आणि इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "आंटी, आय डोन्ट नो व्हॉट टु से लाह."

"मग तेच सांग त्यांना," ताई म्हणाल्या. "मला काय विचारायचं ते कळंना झालंय, म्हणावं. खिडकीतल्या माणसाला असं बोललेलं आवडतं. त्याला वाटतं, चला, आपली काहीतरी गरज आहे."

मुलीने तसंच सांगितलं. पलीकडच्या बाईने तिला पंधरा मिनिटं सगळं समजावून दिलं.

त्या चुकतही. पुंगोलच्या एका घरी मुलाला अमेरिकेतल्या राज्य विद्यापीठाची मेरिट स्कॉलरशिप मिळाली. आकडा मोठा होता, म्हणून त्यांनी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडून चाळीस माणसांना जेवायला बोलावलं. ताईंनी तिथेच, हातात श्रीखंडाची वाटी असताना, पत्र वाचलं. मुलाच्या बापाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "परराज्यातल्या, परदेशातल्या पोरांना जास्तीची फी लावलीय आणि त्यातनं ही सूट दिलीय. आणि दर वर्षी एवढे मार्क पडले तरच पुढची सूट. आधी भाव वाढवून मग सेल लावतात, त्यातलं आहे हे."

"ताई, मेरिट आहे ते," बाप म्हणाला.

"मेरिट पोराचं, बिल तुमचं."

जेवणावळीत हे बोलायला नको होतं, असं बऱ्याच जणांना वाटलं. मलाही वाटलं. पोरगा अमेरिकेला गेला. चारही वर्षं त्याने मार्क टिकवले, स्कॉलरशिप टिकवली. पहिल्या दोन वर्षांचे निकाल कळले तेव्हाच ताई पुंगोलला जाऊन त्याच्या आईला म्हणाल्या, "मी कागद बरोबर वाचला होता. पोरगं वाचायचं राहिलं." त्यानंतर त्या मुलांना जास्त प्रश्न विचारायला लागल्या आणि उत्तर येईस्तोवर थांबायला लागल्या.

आता माझा कागद. या लेखात मी येतो तो एवढ्यापुरताच.

माझे वडील भुसावळला रेल्वेत गँगमन होते. आई-वडील दोघंही अंगठाबहाद्दर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी विचारल्याशिवायही सांगतो. इंजिनियरिंगला सरकारी शिष्यवृत्तीवर होतो. शिष्यवृत्ती आली की शिपाई मेसच्या दारात उभा राहून यादी मोठ्याने वाचायचा, जातवारीसकट. आत जेवणारी पोरं ताटं वाजवायची. "आले, सरकारचे जावई आले." चार वर्षं ते ऐकलं. चौथ्या वर्षी मी ठरवलं, माझं मूल कुणाच्या यादीत नाव लावून शिकणार नाही. जे लागेल ते मी भरीन.

माझी मुलगी प्राची इथेच शिकली. तिचे मार्क उत्तम होते. विद्यापीठाचा अर्ज कॉम्प्युटरवर भरताना शेवटी विचारलं होतं, स्कॉलरशिपसाठी विचार व्हावा का? हो की नाही? माऊस माझ्या हातात होता. मी 'नाही' दाबलं. चूक झाली असं मुळीच नाही. नीट वाचून दाबलं.

मे महिन्यात पत्र आलं, इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता. ते मंदीचं वर्ष होतं. आमच्या कंपनीत दर शुक्रवारी दोघातिघांना खोलीत बोलावत आणि ती माणसं खोका घेऊन बाहेर पडत. माझा इथे राहायचा पास कंपनीच्या नोकरीवर होता. तरी मी पत्र घेऊन रुबाबातच हौगांगला गेलो, कारण माझ्या हिशेबाने आता फक्त सही करायची होती.

ताईंनी पत्र वाचलं, मग भरलेल्या अर्जाची छापील प्रत मागितली. तीही खालून. पट्टी दुसऱ्याच ओळीवर थांबली.

"हे 'नाही' कुणी केलं?"

"मी."

"तायडे भाऊ, नोकरी गेली तर तुम्ही किती दिवसांत देश सोडणार?"

"तीसेक दिवस देतात."

"आणि पोरगी? सरकारी मदतीची सीट घेतली तर पुढे तीन वर्षं इथं नोकरी करायचं लिहून द्यायचंय. तुम्ही भुसावळला, ही इथं अर्ध्या शिक्षणावर. उरलेली फी भुसावळहून पाठवणार?"

मी म्हटलं, तसं काही होणार नाही. मग म्हटलं, झालं तर कर्ज काढीन. मग ताटांचं सांगितलं. ते मी घरात कधी सांगितलं नव्हतं. प्राची शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही शिकलात कशावर?"

"शिष्यवृत्तीवर."

"लाज ताटं वाजवणाऱ्यांनी वाटून घ्यायची. तुम्ही कशाला घरी आणली?"

मी त्यांच्यावरच उलटलो. म्हणालो, "ताई, तुम्ही स्वतः ग्रॅज्युएट आहात का?"

आतला क्रिकेटचा आवाज बंद झाला.

"नाही," ताई म्हणाल्या. "बारावी. बीएस्सीला नंबर लागला होता. त्याच महिन्यात वडील वारले. ते कॉलेजातच शिपाई होते, त्यांच्या जागी मला घेतलं. ज्या खिडकीत माझी फी भरायची होती तिच्या आत बसले." त्यांनी बोट स्पंजला लावलं. "म्हणून फॉर्म नीट वाचते. प्राची, उद्या सकाळी त्यांना फोन लाव. मुदत गेल्यावर काय करतात, विचार."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "चहा घेणार ना?" आणि उठल्या. कागद संपला होता.

प्राचीने फोन केला. ऑफिसातल्या माणसाने सांगितलं, उशिरा आलेल्या विनंतीचा सहसा विचार होत नाही. तरी पत्र लिहा, उशीर का झाला ते त्यात खुलासेवार लिहा. चार दिवसांनी आम्ही पुन्हा हौगांगला. मी एक मसुदा करून नेला होता. भुसावळचं पत्र्याचं घर, आईची मजुरी, दिव्याखालचा अभ्यास, सगळं होतं त्यात. दोन पानं. ताईंनी ती उलटी करून ठेवली.

"गोष्ट चांगली आहे. पण ही तुमची आहे. अ‍ॅडमिशन तुम्हाला पाहिजे का?"

मग प्राचीला म्हणाल्या, "तू लिही. एक पान. एक ध्यानात ठेव, पत्र साहेब वाचत नाही. आधी कारकून वाचतो आणि वर पाठवायचं की नाही ते ठरवतो. कारकुनासाठी लिही. त्याला दिवसभर खोटी कारणं वाचून कंटाळा आलेला असतो."

प्राची खिडकीशी जाऊन लिहीत बसली. तासाभराने तिने कागद आणला. इंग्रजीत होता. मी मराठीत देतो. 'मी स्कॉलरशिपसाठी अर्ज केला नाही, कारण माझ्या वडिलांना ते नको होतं. त्यांच्या हॉस्टेलमध्ये शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांची चेष्टा होत असे, आणि ती माझ्या वाट्याला येऊ नये असं त्यांना वाटलं. अर्जावरचं 'नाही' मी पाहिलं होतं. मी कारण विचारलं नाही. ती माझी चूक. आता विचारलं आहे.' पुढे तिला काय शिकायचं आहे ते आठ ओळींत.

मी दोनदा वाचलं. म्हटलं, पहिला परिच्छेद काढ.

"पप्पा, देन व्हॉट्स द रीझन?"

"'घरगुती कारणामुळे' लिही."

"ह्या दोन शब्दांचे अर्ज मी गठ्ठ्यानं बाजूला ठेवलेत," ताई म्हणाल्या. त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "खोडायचं तर तुम्ही खोडा. बाप आहात. पण त्या जागी दुसरं खरं कारण तुम्हीच घाला."

दुसरं खरं कारण नव्हतं. मी पेन उचललं. परदेशातल्या कुठल्या अनोळखी कारकुनाने भुसावळच्या तायड्याचं हे वाचावं, हे मला सहन होत नव्हतं. लोंढेसाहेब बाहेर आले, माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि आत गेले. मी रडत नव्हतो. तरी पाणी प्यालो.

"राहू द्या," मी म्हणालो.

ताईंनी कागदाच्या दोन झेरॉक्स काढून आणायला सांगितल्या आणि चहा टाकला.

तीन आठवड्यांनी प्राचीला मुलाखतीला बोलावलं. परत आल्यावर ती जेवायला बसली. ताट पुढे ओढत म्हणाली, "दे आस्क्ड अबाउट यू."

"काय विचारलं?"

"तुमचे वडील अजून तसंच म्हणतात का, असं."

"मग?"

"म्हटलं, ही इज लर्निंग."

तिची आई हसायला लागली. मी भात मागितला.

निकालाची वाट पाहत असतानाच लोंढेसाहेबांची नोकरी गेली. त्यांच्या कारखान्याने एक पूर्ण पाळी बंद केली, त्यात ते गेले. वय पन्नाशीपुढे, दुसरी नोकरी मिळेना. जुलैच्या शेवटी निघायचं ठरलं. मी भेटायला गेलो तेव्हा ताई सामानाच्या खोक्यांवर आत काय आहे ते लिहीत होत्या, प्रत्येक खोक्यावर तीन बाजूंनी. नोकरीबद्दल त्या एवढंच बोलल्या, "नोटिशीत लिहिलं होतं तेवढं सगळं दिलं त्यांनी." आमच्या पत्राचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. मीही माफीचं बोललो नाही. त्या माझ्याकडून खोका धरून घेत होत्या, मी धरत होतो.

पत्र आलं ते नेमकं त्यांच्या निघायच्या दिवशी सकाळी. मी अर्धी रजा टाकली आणि प्राचीला घेऊन हौगांगला गेलो.

दार उघडंच होतं. टेबल विकलं गेलं होतं, खुर्च्याही. पुंगोलहून एक जोडपं मुलीला घेऊन आलेलं, तिघं खोक्यांवर बसलेले. समोर एका खोक्यावर ताई, प्रवासाची साडी नेसून, पायात चपला घालून. मला पाहून त्या म्हणाल्या, "हिला एक प्रश्न विचारलाय. ती विचार करतीय तोवर दाखवा."

मी पत्र दिलं. त्यांनी वाचलं. आम्ही उभेच होतो.

"चारही वर्षं," त्या म्हणाल्या. "फी पण, राहायचं पण. बापाची नोकरी असो नसो. मार्क मात्र राखायचे." ते प्राचीकडे बघून. मग शेवटचं पान माझ्यापुढे केलं. पालकाच्या सहीची जागा कोरी होती.

"ही का राहिली?"

"म्हटलं तुम्हाला दाखवून करावी."

"मला काय दाखवायची. करा."

मी गुडघ्यावर बसलो आणि 'स्वयंपाकघर, स्टील' लिहिलेल्या खोक्यावर कागद ठेवून सही केली. सहीच्या वर त्या स्कॉलरशिपचं नाव छापलं होतं, आणि त्यात मेरिट हा शब्द होता. आमच्या वेळी तो शब्द आम्ही ऐकावा म्हणूनच आमच्यासमोर मोठ्याने म्हणत. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

"तारीख राहिली," ताई म्हणाल्या.

मी तारीख घातली. त्यांनी कागद प्राचीच्या हातात दिला आणि पुंगोलच्या मुलीकडे वळल्या.

"हं. झाला विचार? तुला काय शिकायचंय?"

"ताई, तिचं म्हणणं असं आहे की..." मुलीच्या आईने सुरुवात केली. ताईंनी हात वर केला. आई थांबली.

लोंढेसाहेब दारात आले. टॅक्सी खाली येऊन उभी असल्याचं त्यांनी सांगितलं, थोडे थांबले आणि एक खोका उचलून गेले. मुलगी पायाकडे बघत होती. मी आणि प्राची बाहेर पडून लिफ्टकडे निघालो. कॉरिडॉरच्या टोकाला मी वळून पाहिलं. मुलगी अजून बोलली नव्हती, आणि ताईंनी हात खाली घेतला नव्हता.